स्मरणार्थ अकरा बॅटऱ्या

ज्या वस्तूवर दात्याच्या पूर्वजाचं नाव रंगवलेलं असतं ती वस्तू बिघडू शकते, पण हलवता येत नाही. देवळातला पंखा, शाळेतलं घड्याळ, दवाखान्यातला बाक, सगळ्यांना हा नियम लागू आहे आणि समाज त्यावर उत्तम चालला आहे. १९७४ साली सोलापुरात हा नियम पाण्यावर नेण्यात आला. तो मान नौकाविहार मंडळाचा.

मंडळाची तलावात एकच नाव होती. ती रॉकेलच्या इंजिनावर चाले. त्या वर्षी रॉकेल घरच्या स्टोव्हलाच मिळेना, तेव्हा नाव बॅटरीवर चालवण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला आणि बॅटऱ्या निवडण्यासाठी एकसदस्य उपसमिती नेमली गेली. सदस्य : रेवणप्पा, शुक्रवार पेठेतले कापड दुकानदार. (पात्रता : सभेला उशिरा आले होते.)

रेवणप्पांना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई लग्नापासून तलावाच्या काठावरच बसत आल्या होत्या, कारण इंजिनाच्या धुरानं त्यांना मळमळे. आता बिनधुराच्या नावेत बायकोशेजारी बसून तलावाच्या मध्यावर जायचं आणि आयुष्यात एकदा तरी दुकानाखेरीज दुसरं काही बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पहिल्या फेरीत तुला नेतो, असा त्यांनी शब्द दिला. गिरिजाबाईंनी तो वळसंगला माहेरी कळवला. आता माघार नव्हती.

नावेच्या नव्या विजेच्या मोटारीला बॅटऱ्या लागत होत्या दोन. ट्रकच्या, सारख्या मापाच्या, सारख्या वयाच्या. मंडळाची तिजोरी मुळात बिस्किटांचा डबा असल्यानं जाहीर आवाहन झालं आणि अकरा आल्या : पाच ट्रकच्या, तीन ट्रॅक्टरच्या, दोन लाउडस्पीकरवाल्यांच्या आणि एक मोटारसायकलची (जी ज्यांच्या नावानं दिली ते आजोबा हयातभर बैलगाडीतच बसले). रेवणप्पा बघायला पोचेपर्यंत प्रत्येकीवर लाल ऑइलपेंटनं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' झळकत होतं. म्हणजे उपसमितीला आता बॅटऱ्या नव्हे, वडील आणि आजोबा निवडायचे होते.

रेवणप्पांनी धीर धरून बल्ब पेटवून बघायची चाचणी ठेवली. पहिली बॅटरी सरकीचे व्यापारी कल्लप्पा यांच्या वडिलांची. बल्ब पेटला नाही.

"म्हंजे आमचे बाबा नापास म्हना की," कल्लप्पा म्हणाले. मागं त्यांचे चार भाऊ उभे होते.

"छे छे, बल्बच खराब हाय," रेवणप्पा म्हणाले.

मग बल्ब सर्वांसाठीच खराब ठरवण्यात आला आणि अकराच्या अकरा बॅटऱ्या उत्तीर्ण झाल्या. (निकाल शंभर टक्के. शहरातल्या एकाही शाळेला हे जमलेलं नव्हतं.)

उरला प्रश्न ठेवण्याचा. ओझं तळाशी, फळ्यांखाली असावं, असं नावेचं शास्त्र सांगतं. "म्हंजे लोकं आमच्या आजीवर पाय देऊन बसनार व्हय?" असं महिला सदस्य दाक्षायणीबाईंनी विचारलं आणि शास्त्र तिथंच संपलं. बॅटऱ्या बाकांवर बसवण्यात आल्या, नावं काठाकडे करून. त्यांतल्या दोनच मोटारीला जोडल्या, बाकीच्या नऊ मानद. कोणत्या दोन ते मात्र गुपित राहिलं. रेवणप्पांनी अकरा घरी स्वतः जाऊन 'नाव तुमच्याच बॅटरीवर चालणार' असं सांगितलं आणि अकरा ठिकाणी चहा घेतला.

उद्घाटनाला वळसंगची सगळी मंडळी आली. गिरिजाबाई नवं इरकल नेसून, पदर सावरत नावेपाशी आल्या. त्यांनी पुढचा बाक बघितला, मधला बघितला, मागचा बघितला. प्रत्येक बॅटरीला हार होता.

"अहो, मी कुटं बसू?"

रेवणप्पांनी एका बॅटरीकडे हात नेला. काठावरून चार भाऊ खाकरले. हात परत आला. त्यांना इतकी लाज वाटली की वळसंगच्या मंडळींकडे त्यांना बघवेना.

"ऱ्हाऊ द्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर माज्या नावानं एक ब्याटरी द्या की. मंग तरी बसायला जागा गावंल."

नावाडी गुंडा शेपटाकडे एका पायावर उभा राहिला. मोटार सुरू झाली, आणि कबूल केलं पाहिजे, नाव झकास चालली. धूर नाही, आवाज नाही. अकरा पूर्वज हार घालून तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन आले. काठावर लोकांनी टोप्या काढल्या. जिवंतांची गर्दी नसल्यानं फेरी अतिशय शिस्तीत पार पडली, असं मंडळाच्या अहवालात नमूद आहे.

वाचकहो, हसू येणं साहजिक आहे. मंडळाचं म्हणणंही आपल्यापेक्षा वेगळं नाही. मानद बॅटऱ्या उतरवायला ते एका पायावर तयार आहे. फक्त सुरुवात कुणापासून करायची, एवढंच अडलंय. तेव्हा आपल्या आजोबांची कोणती तेवढी दाखवा, आधी तीच उतरवू. जरा लवकर करा, गिरिजाबाई उभ्या आहेत.