टाळूचा वास

लाँड्रीवाल्या काकांचा सगळा धंदा नाकावर चालत असे. आलेला कपडा उचलायचा, हुंगायचा आणि ठरवायचं, हा नुसता इस्त्रीचा की धुवायचा. एका साध्या तापानं ते नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चष्मा ठेवायला उपयोगी पडत होतं, पण वास म्हणून काही येईना. महिनाभरात काकांनी एका वकिलाचा मळका कोट कडक इस्त्री करून घरपोच केला आणि हुंगायचं खातं काकूंकडे गेलं.

एवढं दुःख काकांनी गिळलं असतं. पण त्याच सुमारास मुलीला बाळ झालं. जो येई तो बाळाच्या टाळूला नाक लावी आणि डोळे मिटून घेई. काकांनीही लावलं. कापसाचा बोळा हुंगल्यासारखं वाटलं.

"बाबा, मी पुन्हा येईन तोवर नाक बरं करून ठेवा," मुलगी निघताना म्हणाली. "वर्षभरात जातो म्हणे हा वास."

तेव्हापासून काकांना दुसरं काही सुचेना. बाळ मोठं व्हायच्या आत तो वास एकदा, फक्त एकदा मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लिंबू, लवंग, कॉफी आणि साबण असं चार बरण्यांत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगा. येईल, न येईल, चिकाटी हवी. काकांनी आठवडाभर हुंगलं. चारही बरण्या सारख्याच मुक्या. मग त्या फडताळात गेल्या.

मुलीनं त्यांना वास गेलेल्या रुग्णांच्या एका ऑनलाइन गटात सामील करून दिलं होतं. तिथे सगळे आपापल्या हरवलेल्या वासांबद्दल लिहीत. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची आई वारली होती आणि तिची शाल त्यांनी न धुता पिशवीत बांधून ठेवली होती. शालीतला वास उडायच्या आत त्यांना नाक परत हवं होतं. उभा जन्म कपड्यातले वास घालवण्यात काढलेल्या काकांना हे वाचून फार वाईट वाटलं. आणि एक दिवस बाईंनी लिहिलं की आता पुरे, बरण्याही बंद आणि गटही बंद, शाल धुऊन टाकते.

काकांना राहवलं नाही. त्यांनी लिहून टाकलं, "बाई, शाल धुऊ नका. मला वास येऊ लागलाय."

खोटं बोलावं तर पेलेल एवढंच बोलावं. गटभर अभिनंदनाचा पाऊस पडला. गट चालवणाऱ्या निवृत्त नर्सताईंनी तर काकांना लगेच 'सोबती' नेमलं. सोबती म्हणजे बरा झालेला स्वयंसेवक. त्यानं तिघांना धीर द्यायचा. काका टाळाटाळ करू लागले तेव्हा ताई म्हणाल्या, बरे झालेले लोक गट सोडून पळतात हो, तुमच्यासारखा थांबणारा विरळा. झालं. काकांच्या वाट्याला बाई, एक बस ड्रायव्हर आणि एक आचारी आले.

तिघांनी पहिलाच प्रश्न विचारला, सगळ्यात आधी कोणता वास आला? काकांनी मनातलंच लिहिलं, नातवाच्या टाळूचा. कसा होता? काका उठून स्वयंपाकघरात गेले.

"बाळाच्या टाळूला वास कसा येतो गं?"

"बाळाच्या टाळूसारखा," काकू म्हणाल्या.

काका तिथेच उभे राहिले. मग काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली. "कोमट दूध, उन्हात वाळलेलं दुपटं आणि थोडासा घाम. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी असतं, त्याला नाव नाही. त्यासाठीच तर परत परत नाक लावतो आपण."

काकांनी ते जसंच्या तसं पाठवलं, आणि पाठवल्यावर स्वतःच कितीतरी वेळ वाचत बसले.

पुढे 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' असा कारभार सुरू झाला. काका बरण्यांचं महत्त्व पटवून देत आणि त्यांच्या स्वतःच्या बरण्या फडताळात धूळ खात. शेवटी बाईच म्हणाल्या की एकेकट्यानं कंटाळा येतो, रोज सकाळी मोबाईलच्या पडद्यावर सगळे मिळून हुंगू. काकांना बरण्या बाहेर काढाव्या लागल्या. काही दिवसांनी आचाऱ्याला कॉफी आली. मग ड्रायव्हरला पुसटशी लवंग आली. बाईंना काहीच येईना. काकांनाही येईना, पण ते प्रत्येक बरणीला "वा" म्हणत.

एका सकाळी बाई रडवेल्या झाल्या होत्या. काकांनी त्यांना उभारी द्यायला लिंबाची बरणी नाकाशी धरली आणि सुरुवात केली. काय तो ताजेपणा, नुकतं कापल्यासारखं, दात आंबावेत असं लिंबू!

"अहो," मागून काकू म्हणाल्या, "ते लिंबू सुकून गेलं म्हणून मी टाकलं परवाच. त्या बरणीत गरम कोटांच्या डांबरगोळ्या ठेवल्यात."

पडद्यावर आधी ड्रायव्हरला हसू आलं, मग आचाऱ्याला. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे तुम्हालाही येत नाही?"

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही शाल धुवाल म्हणून बोललो."

"मी रोज त्या शालीजवळ बसत होते, तुमच्या भरवशावर," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

काकांनी माफी मागितली, उत्तर आलं नाही. ताईंना सोबतीपद परत करायला गेले, तर त्या म्हणाल्या, आधी स्वतःच्या बरण्या नीट भरा. काकांनी ताजं लिंबू कापलं. आता "वा" म्हणायला समोर कोणी नव्हतं, तरी ते रोज बसू लागले. बाळ मोठं होत होतं आणि बाईंची शाल पिशवीत होती की दोरीवर वाळत होती, हे कळायला मार्ग नव्हता.

मग मुलगी आली. बाळ आता बसायला लागलं होतं. काकांनी त्याला मांडीवर घेतलं, टाळूला नाक लावलं, डोळे मिटले. काही नाही. खोल श्वास घेतला. काहीच नाही. घरातले सगळे दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान जरा खाली नेली. मग आणखी खाली.

"बाबा, द्या इकडे, त्याचा लंगोट बदलायचाय," मुलगी म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. "हात लावू नकोस." त्यांचे डोळे भरून आले होते.

एका हातानं बाळ सावरत त्यांनी गटावर लिहिलं, "वास आला." ड्रायव्हरनं लगेच विचारलं, डांबरगोळ्यांचा का? आचाऱ्यानं हसणारा चेहरा पाठवला. काकांना कळून चुकलं की आता खऱ्याला कोणी विचारणार नाही. तेवढ्यात बाईंचे शब्द उमटले.

"टाळूचा?"

"नाही. लंगोटाचा."

बाईंचं उत्तर आलं, "मग खरं असणार. खोटंच बोलायचं असतं तर टाळू सांगितली असती." आणि त्याखाली, "शाल अजून पिशवीतच आहे. उद्या सकाळी बरण्या घेऊन बसते."

"झालं का हुंगून?" काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या. "तुमचं नाक आलं, आता आमची जातील."

बाळाला देण्याआधी काकांनी पुन्हा एकदा टाळूला नाक लावलं. अजून काही नव्हतं. पण बाळाला वर्ष पुरं व्हायचं होतं.