चुकून भरती झालेली सासू

एका जंगलात मादी प्राण्यांसाठी मनाचा दवाखाना होता. कोणतं जंगल, असं विचारू नका बाळांनो. मला अजून तिथूनच जा-ये करावी लागते.

दवाखान्याचं नाव 'नवी पालवी'. दारावर खरी पालवीसुद्धा लावली होती. ती भरती झालेल्या शेळ्यांनी पहिल्याच दिवशी खाल्ली.

मोठे डॉक्टर होते बगळेसाहेब. ते रोग्याचं म्हणणं एका पायावर उभं राहून, डोळे मिटून ऐकत. इतकं खोल ऐकत, की कधीकधी चोच छातीवर पडे.

पाठीवरून हात फिरवून धीर देण्याचं काम साळूबाईंकडे होतं. साळूबाई म्हणजे साळिंदर. त्या नुसत्या लांबून येताना दिसल्या, तरी सगळ्यांना आपोआप धीर येई.

मागं कोण हसतंय? ऐका.

तिथं कुणी तक्रार करत नसे. म्हणजे करत, पण तिला तक्रार म्हणत नसत.

"पेज फार पाणचट आहे," मेंढी म्हणे.

"चिडचिड," बगळेसाहेब डोळे मिटून म्हणत. "काढा वाढवा."

"गारठा लागतो हो," हरिणी म्हणे.

"भास. काढा वाढवा."

असं करत करत पेज पातळच राहिली आणि काढा दाट होत गेला.

तिथं भोरी नावाची एक म्हैस होती. रेडकू झाल्यावर तिचं मन डोहात बुडालं होतं. चारा गोड लागेना. रेडकू ढुशी द्यायचं, तेही कळेना. तेव्हा नवरा रेडोबा आणि सासू शिंगणाबाई तिला इथं ठेवून गेले. थोडं काढ्यानं आणि बरंचसं मेंढीशी बोलून बोलून भोरी बरी झाली. एका सकाळी रेडकाच्या आठवणीनं तिला पान्हा फुटला.

"मला घरी सोडा," ती म्हणाली.

"घरचं कुणी न्यायला आलं की लगेच," साळूबाई म्हणाल्या. "नियम आहे."

घरचं येई की! शिंगणाबाई येत. सुनेला शिंगांपासून खुरांपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "अजून बरी वाटत नाही हो. डोळ्यांत तकाकी आलीय, ते काही चांगलं लक्षण नव्हे. राहू द्या."

कारण घरी सुनेच्या वाट्याची पेंड सासूच खात होती. आणि रेडकू आता आजीलाच आई म्हणायला लागलं होतं. हे शिंगणाबाईंनीच एकदा बोलता बोलता भोरीला सांगितलं. आणखी थोडे दिवस गेले असते, तर लेकरानं आईला ओळखलंच नसतं.

पुढच्या भेटीला शिंगणाबाई आल्या, तेव्हा बोचरं वारं सुटलं होतं. दवाखान्यातल्या रोग्यांना ओळखू यावं म्हणून हिरवी झूल असे. भोरीनं आपली झूल काढली.

"आत्याबाई, गारठलात. ही घ्या पाठीवर."

"आण. तेवढं तरी सुचलं तुला!"

आता हा सुनेचा साधेपणा होता की आणखी काही, ते मला विचारू नका. मी काही म्हशीच्या पोटात शिरलो नव्हतो.

तेवढ्यात काढ्याची घंटा झाली. साळूबाईंनी हिरवी झूल पाहिली आणि शिंगणाबाईंना आत घेतलं.

"अगं, मी आजारी नाही!"

"सगळ्या असंच म्हणतात."

"माझी सून आजारी आहे!"

"सगळ्या असंही म्हणतात."

इकडे फाटकावरच्या तरसानं बिनझुलीच्या म्हशीला रामराम घातला. "निघालात आजीबाई? सून कशी आहे?"

"चांगली बरी झालीय," भोरी खरं तेच बोलली आणि घरची वाट धरली.

रेडकानं तिला हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग अशी ढुशी दिली, की भोरी चार पावलं मागं गेली आणि हंबरून हंबरून रडली.

रेडोबा आईला बघायला आला.

"अरे गाढवा, मला घरी ने!" शिंगणाबाई गरजल्या.

रेडोबानं विचार केला. आज गोठ्यात त्याच्या कानांना जन्मात पहिल्यांदा सुटी मिळाली होती.

"अजून बरी वाटत नाही हो," तो साळूबाईंना म्हणाला. "राहू द्या."

मग काय! शिंगणाबाई बगळेसाहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"पेजेत भात आहे की भाताची आठवण? आणि काढ्यात आलं कुठाय?"

"चिडचिड," बगळेसाहेब म्हणाले. "काढा वाढवा."

"वाढव! पण आलं घालून वाढव! आणि आधी डोळे उघड मेल्या! ऐकतोयस का झोपलायस?"

असं त्यांना आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. दचकून त्यांनी डोळे उघडले. समोर मेंढी दिसली.

"अरेच्चा! ह्या किती वाळल्यात!"

"पेज पाणचट आहे," मेंढी म्हणाली. "आल्यापासून सांगतेय."

शेजारी हरिणी कुडकुडत होती. भास काही कुडकुडत नाही, एवढं बगळ्यालाही कळतं. त्यांनी शिंगणाबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही तर ठणठणीत आहात!"

"मग इतका वेळ मी काय ओव्या गातेय?"

त्या दिवसापासून पेज घट्ट झाली. झुलींना अस्तर लागलं. धीर द्यायला एक मऊ सशीण आली. साळूबाईंना नवं काम मिळालं: बगळेसाहेबांना डुलकी लागली, की जवळून जायचं. आणि बरं वाटतंय का, हे जिचं मन तिलाच विचारायचं ठरलं.

शिंगणाबाईंना न्यायला कोण आलं असेल? भोरी.

"तू आलीस?" शिंगणाबाई पुटपुटल्या. "मी तर तुला कधी नेलं नाही."

"म्हणून तर आले. फाटकाकडं बघत बसणं कसं असतं, ते मला ठाऊक आहे."

शिंगणाबाईंनी पाठीवरची हिरवी झूल झटकून खाली टाकली. मग म्हणाल्या, "पेंडीचं काय?"

"निम्मी तुमची."

"निम्मी? बरं, चल घरी. तिथं बघते तुला."

हळूहळू मेंढी घरी गेली, हरिणीही गेली. दवाखाना रिकामा होऊ लागला. तेव्हा राजाचं अस्वल दर्जा तपासायला आलं. पद्धतीप्रमाणे त्यानं फक्त घरच्यांना विचारलं.

"पूर्वी खाली मान घालून मागं यायची," मेंढा म्हणाला. "आता विचारते, आपण चाललोय कुठं? आमच्या अख्ख्या कळपात हे कुणाला माहीत नाही हो!"

"मला म्हणते, तू माझं ऐकूनच घेत नाहीस," काळवीट म्हणाला. "म्हणजे असंच काहीतरी म्हणाली. माझं लक्ष नव्हतं."

"पूर्वी एकच बोलायची," रेडोबा रडवेला झाला. "आता दोघी बोलतात. एकमेकींशी! माझ्याबद्दल!"

अस्वलानं कपाळाला पंजा लावला. "डॉक्टर, दर्जा फारच घसरलाय. पूर्वी एकाही घरच्याची तक्रार नव्हती."

"पूर्वी एकही रोगी घरी जात नव्हती," बगळेसाहेब म्हणाले.

"मग चांगलं चाललेलं बिघडवलंत कशाला?" असं म्हणून अस्वलानं त्या वर्षीचं मानाचं पागोटं पलीकडच्या डोंगरातल्या दवाखान्याला देऊन टाकलं. तिथं सगळं कसं शांत होतं.

तात्पर्य: चांगल्या उपचारांचा एक गंभीर दुष्परिणाम असतो. बाई बरी होऊन घरी परत येते. घरच्यांना त्याची आधीच कल्पना द्यावी.