आकांक्षाची लाईन

चांगुणाबाई वरणाला फोडणी देत होती, त्यामुळे बाहेरच्या खोलीतलं पहिलं वाक्य चरचराटात गेलं आणि पुढचं तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

"मुकुलनं पेपर टाकले. रेवतीनंही टाकले. पुढच्या महिन्यात मीही टाकतोय."

बोलणारा विंग कमांडर चिन्मय. हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचा आणि चांगुणाबाईच्या मुलीचा, म्हणजे स्क्वॉड्रन लीडर आकांक्षाचा, वरिष्ठ होता. आकांक्षा सुट्टीवर कळमनुरीला आली होती आणि दुसऱ्या दिवशी कन्याशाळेत मुलींपुढे बोलायला दोघांना बोलावणं होतं. औंढ्याला नागनाथाचं दर्शन उरकून तो आदल्या दिवशीच जेवायला हजर झाला होता.

आता हवाई दलात नोकरी सोडायचा अर्ज केला, की 'पेपर टाकले' म्हणतात. प्रवासी विमानांच्या कंपन्यांना तिथली मंडळी नुसतं 'लाईन' म्हणतात. हे चिन्मयला ठाऊक होतं, आकांक्षाला ठाऊक होतं. चांगुणाबाईला मात्र पेपर टाकणं म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. पहाटे सायकलवरून गल्लीत येऊन, शेजारच्या गच्चीवर वर्तमानपत्र भिरकावून पेपरवाला देवला जे करायचा, ते. आणि लाईन म्हणजे त्याच्या वाट्याच्या गल्ल्या.

तिनं गॅस बारीक केला आणि कान दाराला लावला. डाळ करपली तर करपली.

"मुकुल सरांना लाईन भेटली का मग?" आकांक्षानं विचारलं.

"लगेच! आणि चांगली मोठी. लाईनवाले वाटच बघत असतात. माणसं कुठे आहेत त्यांच्याकडे?"

"अन् आपल्याकडं तरी कुठं हायेत, सर? तिकडं आखात पेटलंय, युक्रेनचं संपायचं नाव नाही, रोज उठून कुठलं तरी आकाश बंद. तेलाची जहाजं अडून बसली. अशा वेळेला माणसं पाहिजेत, तर आपले चालले."

"तेच तर. एक पायलट तयार करायला वर्षं जातात आणि तयार झाला की टिकत नाही. वरचे लोक डोक्याला हात लावून बसलेत."

"कसा टिकंल?" हा आवाज जळबाचा, चांगुणाबाईच्या नवऱ्याचा. जळबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला होता आणि आता थोडी शेती बघायचा. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याच्याकडे डेपोतला एक दाखला तयार असे. "आमचा सालगडी पाडव्याला येतो अन् पोळ्याला पळतो. अन् साहेब, आमी यष्टीत होतो तवा डेपोत डिझेल नसलं की गाड्या उभ्या. मग डायवरानं काय करावं? कुणी पानपट्टी टाकली, कुणी काय टाकलं. पोट थोडंच उभं राहते?"

"अगदी बरोबर, काका," चिन्मय म्हणाला. पाहुण्यानं यजमानाला बरोबरच म्हणायचं असतं. "आकांक्षा, तुझं काय ठरलं?"

आकांक्षानं आवाज उतरवला. "ठरल्यासारखंच हाय, सर. आईला अजून सांगितलं न्हाई. कसं सांगावं तेच कळून नाही राहिलं."

चांगुणाबाईनं कढईची कड धरली आणि हात पोळून घेतला. तिचं डोकं मोठं तल्लख. लढाई पेटली, तेल अडलं, विमानं उभी राहिली, पायलट रिकामे झाले आणि रिकामे पायलट पेपर टाकायला लागले. यात कुठे फट म्हणून नव्हती, आणि वर नवऱ्यानं डेपोची साक्ष दिलेली. तालुक्यातली पहिली पायलट पोरगी! तिला शिकवताना लोकांनी काय काय बोलून घेतलं होतं. चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते फोडणीच्या ठसक्यावर ढकललं आणि पानं वाढायला घेतली.

जेवताना तिनं चिन्मयच्या पानात तूप इतकं ओतलं की वरण दिसेना.

"खा, बाबा. आता लई लौकर उठावं लागंल तुमाला."

"सवय आहे, काकू."

"कुत्र्यायचं तेवढं सांभाळा."

चिन्मयनं घास थांबवला. "हो, येतात खरी कधी कधी धावपट्टीवर. पण तुम्हाला कसं माहीत?"

"आमाला समदं म्हाईत हाय," चांगुणाबाई कनवाळूपणानं म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

लेकीला मात्र तिनं एका शब्दानं विचारलं नाही. पोरगी लाजेपोटी सांगत नसेल, तर आपण तोंड उघडून तिला खाली मान घालायला लावायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं. आणि चांगुणाबाईनं एकदा ठरवलं, की ते मागे घ्यायची सोय तिच्यात नव्हती. आकांक्षाला पेपरच टाकायचे असतील ना? टाकू दे. पण परमुलखात, अनोळखी कुत्र्यांच्या तावडीत नाही. ती इथे कळमनुरीत टाकेल, आपल्या माणसांत.

उन्हं कलल्यावर तिनं पदर खोचला आणि ती थेट स्टँडसमोरच्या हरिचंदच्या दुकानी गेली. हरिचंद वर्तमानपत्रांचा एजंट. बातमी त्याच्या हाती लागली की छापायच्या आधीच गावभर वाटली जायची.

"जय भीम, काकू. आज इकडं कुठं?"

"जय भीम. हरिचंद, तुझ्याकडं पेपर टाकायची लाईन मोकळी हाय का एखादी?"

"एखादी?" हरिचंदनं गठ्ठ्यावर डोकं टेकलं. "अवं, पोरं टिकूनच नाही राहिले. आज ठेवावं, उद्या पळून राहिले. तुमच्या गल्लीतला देवला कालच पुण्याला गेला. कुणासाठी पायजे?"

"आकांक्षासाठी."

"कोणती आकांक्षा?"

"माझी. मला काय चार हायेत का?"

"विमानवाली?" हरिचंदचा चष्मा नाकावर उतरला.

"व्हय. लढाईपायी तेल न्हाई, इमानं उभी. तिकडं समदे पेपर टाकून राहिले, मोठमोठे साहेब. कुणी मुकुल म्हणून हाय, त्याला तर मोठी लाईन भेटली म्हणे."

"दिल्लीला पेपरवाल्यांचं बरं चालते म्हणा," हरिचंद विचारात पडून म्हणाला. "कोणती लाईन देऊ? बाजारातली घ्या, सपाट रस्ता हाय. तकलीफ नाही."

"आमच्या गल्लीचीच दे."

"ती लई चढाची हाय, काकू. काहून तीच?"

"तुला काय करायचं? शब्द देते, लाईन बंद पडू देणार न्हाई. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

हरिचंदनं लाईन राखून ठेवली. बातमी मात्र राखायचं कुणी सांगितलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत पानपट्टीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच विषय झाला, आणि आखातातली लढाई कळमनुरीला इतकी जवळची कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कन्याशाळेच्या मैदानात मांडव भरला होता. गणवेशातली आकांक्षा आणि चिन्मय व्यासपीठावर बसले होते, चांगुणाबाई आणि जळबा पहिल्या रांगेत. मुख्याध्यापिका मंजुषाबाईंनी स्वागत केलं, पण आवाजात बोलावणं देतानाचा उत्साह नव्हता. आकांक्षा आकाशाबद्दल, ढगांबद्दल, पुरात अडकलेल्या माणसांना दोरावरून वर ओढून घेण्याबद्दल छान बोलली. मग मंजुषाबाई म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?"

दोन वेण्यांची एक मुलगी ताडकन उभी राहिली. "ताई, पायलट झाल्यावर शेवटी पेपरच टाकावे लागतात का?"

आकांक्षाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं अजून अर्जही केलेला नव्हता. घरात सांगितलं नव्हतं. आणि इथे आठवीतल्या मुलीला ठाऊक!

"सर, तुम्ही सांगितलं?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"शपथ, नाही," चिन्मय तसाच म्हणाला.

तोवर दुसरी उभी राहिली. "ताई, तुमाला कोणती लाईन भेटली?"

"लाईनसुद्धा माहीत आहे!" चिन्मय पुटपुटला. "आकांक्षा, इतकी पक्की खबर आपल्या खात्याला मिळत नाही."

दोन वेण्यांची मुलगी अजून बसली नव्हती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "माझे बाबा म्हणून राहिले, पेपरच टाकायचे असतील तर इथंच टाक, इतकं शिकायचं काहून? ताई, तुमीच टाकले तर मग आमी काय करावं?"

आकांक्षानं पहिल्या रांगेत बघितलं. आई डोळ्यांना पदर लावून बसली होती. म्हणजे आईलाही कळलंय, आणि ते लोकांकडून. रात्र रात्र जागून जमवलेली कारणं होती तिच्याकडे, नोकरी सोडायची. त्यातलं एकही त्या मुलीच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

ती माईकपाशी गेली. "मी पेपर टाकणार नाही," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, "कधीच टाकणार नाही. तुम्ही याल तेव्हा मी तिथंच असेन."

टाळ्यांनी मांडव दणाणला. चिन्मय खुर्चीत जरा खाली सरकला. आणि टाळ्या थांबायच्या आत चांगुणाबाई उठून उभी राहिली.

"काहून टाकणार न्हाई?" ती तिथूनच कडाडली. "टाक तू! कष्टाच्या कामाची लाज कसली? लोक काय म्हणतील म्हणून मागं सरू नको. मी लाईन धरून ठेवली तुझ्यासाठी!"

आकांक्षा माईक हातात धरून बघतच राहिली. "कोणती लाईन, आई?"

"आपल्या गल्लीची! हरिचंदला शब्द दिलाय म्या. सायकल बी बघून ठेवली, देवलाची."

देवलाची सायकल ऐकल्यावर आकांक्षाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू कधी आलं ते तिलाच कळलं नाही. मग तिनं डोळे पुसत मुलींना पेपरचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. जळबानं मात्र शेजारच्याला बजावलं, "पण डिझेलचा मुद्दा माझा बराबरच व्हता."

घरी आल्यावर चांगुणाबाई स्वयंपाकघरात पाठ करून बसली. आकांक्षा तिच्याजवळ टेकली.

"आई, तुला राग आला?"

"राग कशाचा? सगळ्या गावापुढं माझंच हसं झालं. पण खरं सांग. सोडणार व्हतीस ना नोकरी?"

"व्हय." आकांक्षानं लपवलं नाही. "लाईनला गेले तर एका गावी घर करता येते. तुला अन् बाबाला घेऊन राहिले असते. वर्षात दोनदा येते मी, आई. दर खेपेला तू जरा बारीक दिसतीस. मला भ्या वाटते."

चांगुणाबाईनं भाजीची जुडी निवडायला ओढली. मग म्हणाली, "हरिचंद म्हणला, बाजारातली लाईन घ्या, सपाट हाय. म्या चढाची आपली गल्लीच मागितली. त्यानं इचारलं, काहून? त्याला काय सांगू? म्हणलं, पेपर टाकायला का व्हईना, माझं लेकरू रोज सकाळी माझ्या दारात येईल."

आकांक्षानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मग टाकू का पेपर? एकदा म्हण. आज अर्ज करते."

चांगुणाबाईनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि तिची ती ठरवून टाकलेली मुद्रा परत आली. "इतक्या पोरींपुढं न्हाई म्हणलीस. आता न्हाई म्हंजे न्हाई. दोनदाचं तीनदा येत जा, झालं."

इथे खरं तर सगळं मिटायला हवं होतं. पण पहाटे दार वाजलं. बाहेर गठ्ठा घेऊन हरिचंद उभा.

"काकू, पोरगी टाकत नाही म्हणे. मग लाईनचं काय? तुमच्या शब्दावर मी दुसऱ्याला नाही म्हणलं."

"शब्द दिला म्हंजे दिला," चांगुणाबाई म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

सुट्टी संपायच्या दिवशी सकाळी आकांक्षाचा फोन वाजला. ती गल्लीच्या चढावर होती, शेजाऱ्याची मागून आणलेली स्कूटी चालवत. तिनं गाडी कडेला घेतली. फोनवर चिन्मय.

"मी लिहून ठेवलेला अर्ज फाडला," तो जरा चिडूनच म्हणाला. "त्या दोन वेण्या डोळ्यांपुढून जात नाहीत. साहेबांना तुझं सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. म्हणाले, पक्कं विचारून घे. तुझे पेपर नक्की नाहीत ना?"

मागच्या सीटवरून चांगुणाबाईनं एक वर्तमानपत्र भिरकावलं. ते बरोबर उंबऱ्यावर जाऊन पडलं. देवलाला हे एकदाही जमलं नव्हतं.

"माझे नाहीत, सर," आकांक्षा म्हणाली. "आमच्या घरातून सध्या फक्त आई टाकून राहिली."

"बोलत काय बसलीस?" मागून आवाज आला. "चल पुढं. लोक वाट पाहून राहिले."