याकोबमामांची हद्द

याकोबमामांना सलाम केला की ते आधी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघत, तुमचं माप सांगत आणि मग सलाम घेत. माझ्या लग्नात मी नवरदेव म्हणून उभा असताना ते पुढे आले आणि म्हणाले, "पाच फूट सहा. सहा फुटात आरामात बसतूस, शमू." माझ्या बायकोला वाटलं, पलंगाचं चाललंय. ते कबरीचं चाललं होतं.

आमचं गाव बिडकीनच्या पुढे. मी वाळूजच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होतो आणि राहायला बजाजनगरला, पण रविवारी गावच्याच चर्चला जायचो. हे चर्च सामाईक. निजामाच्या राज्यात दोन मिशनच्या साहेबांनी एकाच गावात माणसं जमवली आणि दोघांकडे मिळून एकाच इमारतीपुरते दगड निघाले. म्हणून चर्च एक, उपासना दोन. एका मिशनची सकाळी, दुसऱ्याची दुपारी. पोलीस ॲक्शननंतर साहेब लोक एकेक करून निघून गेले. आम्ही मात्र सकाळवाले आणि दुपारवालेच राहिलो. दारं दोन, कुलपं दोन. देव आत एकच असावा, असा माझा अंदाज आहे. तपासलेलं नाही.

कबरस्तानही एकच, पण मधोमध चुना लावलेल्या दगडांची रांग. अलीकडे सकाळवाले, पलीकडे आम्ही दुपारवाले. आमच्या बाजूला रांगेला लागून नऊ फुटांची वाट सोडलेली, शवपेटी खांद्यावरून नेण्यासाठी. तिच्यापुढे आमच्या कबरींची पहिली ओळ.

याकोबमामा सकाळवाले आणि या रांगेचे स्वतःच नेमलेले राखणदार. तरुणपणी ते निजामाच्या मोजणी खात्यात साखळी ओढायला होते. साखळी दुसरं टोक धरणाऱ्याशिवाय ओढता येत नाही, पण मामांच्या बोलण्यात ते दुसरं टोक कधी यायचं नाही. पाहुणा आला की त्याला रांगेजवळ उभं करून ते इतिहास सांगत आणि शेवटी छाती काढून म्हणत, "निजाम गेला, गोरं सायेब गेलं, पन ही हद्द जागची हालली नाय!" एकदा नवे पाळकसाहेब आले. मामा त्यांना म्हणाले, "सहा फूट एक. तुमचं आधी कळवावं लागंल, सायेब." पाळकसाहेबांनी सहा महिन्यांत बदली मागितली.

नियमाला ते फार कडक. सकाळच्या एका म्हातारीची बहीण दुपारवाल्यांत पुरलेली होती. म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "मामा, मला बहिनीजवळ ठिवा. मेल्यावर काय सकाळ आन् काय दुपार?"

"नियम म्हंजी नियम," मामा म्हणाले. म्हातारी अलीकडेच पुरली गेली. त्या दिवशी मामांना रांगेवरून मिरवताना मी पाहिलं आहे.

दरवर्षी ईस्टरच्या आधी दोन्ही बाजू मिळून कबरस्तान साफ करायच्या. गवत कुणीही उपटावं, पण दगडांना चुना मामाच लावणार. "तुमाला सरळ रेघ येती व्हय?" म्हणून ते सगळ्यांना हाकलत, एकेक दगड उपटून घासत, रंगवत आणि परत बसवत.

गावाचं माप तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतःचं माप मात्र सांगायचा नाही. विचारलं की म्हणे, "माझं आजून ठरायचंय." सत्तरीनंतर त्यांनी चहा सोडला, बिडी सोडली, पहाटे तिळाचं तेल चोळून दोन मैल चालायला लागले. लोक चिडवायचे, "मामा, इतरांना आत घालायची एवढी घाई, आन् सोता एवढी टाळाटाळ?"

"मला लई काम हाय," मामा म्हणत.

त्यांची बायको रूथमामी. ती आमच्या दुपारच्या उपासनेत पेटी वाजवायची. लग्न होऊन सकाळवाल्यांच्या घरी गेली, पण दुपारी दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं, म्हणून तिचं नाव आमच्याच यादीत राहिलं. रविवारी मामा सकाळी आत आणि दुपारी बाहेर लिंबाखाली, पेटी थांबेपर्यंत. आत कधी आले नाहीत. ती त्यांची वेळ नव्हती. ती गेली तेव्हा सकाळवाले पंच स्वतः म्हणाले, "मामा, आपल्या बाजूला घेऊ." मामा म्हणाले, "नाव तिकडच्या यादीत हाय. नियम म्हंजी नियम." तिला आमच्या पहिल्या ओळीत पुरलं. आम्ही म्हटलं, हा माणूस नव्हे, मोजणीचा दगड.

त्यानंतर नऊ वर्षांनी, गुरं आत शिरतात म्हणून दोन्ही पंचांनी तारेचं कुंपण ठरवलं. भोवताली तर घालायचंच, पण एकदाचा वाद मिटावा म्हणून मधल्या रांगेवरही. हद्द मोजायचं काम माझ्याकडे आलं.

जुन्या नकाशात दोन्ही बाजू साठ-साठ फूट. मी भर दुपारी एकटाच टेप घेऊन गेलो. आमची बाजू भरली त्रेपन्न फूट तीन इंच. मी तीनदा मोजलं. पावणेसात फूट गायब! मग आठवलं, मागच्या वर्षी पेटी नेताना खांदेकऱ्यांना एकामागे एक तिरकं चालावं लागलं होतं, आणि आम्ही म्हटलं होतं, खांदेकरी जाड झाले. पावणेसात फूट म्हणजे एक्क्याऐंशी इंच. त्याला नऊ वर्षांनी भागलं. वर्षाला नऊ इंच, म्हणजे बरोबर एक वीत.

मागे वळलो तर मामा उभे.

"मामा, ही रांग सरकलीय."

"किती भरलं?"

"एक्क्याऐंशी इंच."

"बराबर हाय," ते म्हणाले. मोजणी बरोबर आली याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. मग त्यांनी रांगेपासून रूथमामीच्या कबरीपर्यंत बोट फिरवलं. "सत्तावीस इंच राह्यलंत. तीन विती. तीन वर्सं जगायचं ठरिवलं व्हतं म्या. हद्द तिच्यापास्नं सुरू झाली आस्ती, मंग मी माझ्याच बाजूला, नियमात. आता तुमचं कुंपन आलं."

"सत्तावीस इंचानं काय होतं, मामा?"

त्यांनी उजवा हात लांब केला. "मोजलाय म्या. दोन फूट. तीन इंच कमी पडत्यात."

मी टेप गुंडाळला. पंचांना लिहून दिलं: दोन्ही बाजू साठ-साठ फूट, हद्द जागेवर. शनिवारी कुंपणवाला आला तेव्हा खड्ड्यांच्या खुणा मी स्वतः मारल्या, रूथमामीच्या कबरीला लागून. नोकरीत मी केसभर चूक पास केलेली नाही. इथे सत्तावीस इंचांची केली, तीही आमच्याच बाजूची जागा देऊन.

पुढे आमच्या एका पंचांनी विचारलं, "शमू, इथं वाट होती ना रे?"

"खांदेकरी जाड झालेत," मी म्हणालो.

कुंपणाची शेवटची तार ताणून झाली त्या दिवशी मामा फाटकाशी आले. चपला काढून तिथल्या खांबाला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"टेप काढ, शमू."

मी मोजलं. पाच फूट चार.

"सहा फुटात बसतू," ते म्हणाले. "लिहून घे."