काल चालत होतं, सर

एका जंगलात इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं.

हसू नका रे. कॉलेज जंगलातच असतं. जिथे रस्ता संपतो आणि जिथली जमीन कुणालाच नको असते, तिथे एखादा दानशूर वाघ पाटी लावतो आणि कॉलेज उघडतो. या वाघानेही तसंच केलं होतं. तो स्वतः कधी शाळेत गेला नव्हता, त्यामुळे शिक्षणाबद्दल त्याला फार आदर होता.

कॉलेजात दोन शाखा होत्या. एक विद्युत, एक यंत्र. विद्युत शाखेत वीज नव्हती. यंत्र शाखेत एक भलंमोठं लेथ मशीन होतं, पण ते खराब होऊ नये म्हणून त्यावर कायम ताडपत्री घातलेली असे. दसऱ्याला ताडपत्री काढायची, मशीनला हार घालायचा, पेढे वाटायचे आणि ताडपत्री परत घालायची. त्यामुळे ते मशीन अगदी नवं राहिलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा असे. त्याला संशोधन म्हणत. जगात नाही असं काहीतरी शोधून काढायचं, त्याचं मॉडेल बनवायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना चालवून दाखवायचं.

चालवून म्हणजे कसं, ते ऐका. विद्यार्थी बटण दाबायचा. काहीच व्हायचं नाही. मग विद्यार्थी मान खाली घालून म्हणायचा, "काल चालत होतं, सर." परीक्षक म्हणायचे, "असू दे, असू दे. तत्त्व सांग." विद्यार्थी तत्त्व घडाघडा म्हणायचा आणि पास व्हायचा.

ही रीत वाघाच्या थोरल्या चिरंजीवांनी पाडली, असं जुनी मंडळी सांगत. त्यांचं मॉडेल चाललं नव्हतं, आणि वाघाच्या मुलाला नापास करायला कोण धजावणार? त्यांनी मान मात्र खाली घातली नव्हती. ती नम्रता मागाहून आलेल्या मुलांनी आणली.

तर बाळांनो, या कॉलेजात सुलभा नावाची एक साळिंदर शिकत होती. यंत्र शाखेत, शेवटच्या वर्षाला.

सुलभाचं घर टेकडीवर आणि ओढा टेकडीखाली. मग घर खालीच का नाही बांधलं, असं तुम्ही विचाराल. खाली वाघांचे बंगले होते. सुलभाची आई रोज हंडा घेऊन खाली उतरायची आणि भरून वर चढायची. साळिंदराच्या डोक्यावर हंडा नीट बसत नाही, काटे आडवे येतात. आईचे काटे पार वाकले होते आणि अलीकडे कंबरही वाकायला लागली होती. वर आली की ती हंडा उतरवायची, भिंतीला टेकायची आणि बराच वेळ काही बोलायची नाही. तिचं ते गप्प बसणं सुलभाला बघवत नसे.

म्हणून सुलभाने ठरवलं, प्रोजेक्ट पाण्याचाच करायचा. ओढ्यात चाक बसवायचं. ओढा चाक फिरवेल, चाक डायनॅमो फिरवेल, डायनॅमोच्या विजेवर पंप चालेल आणि पाणी टेकडीवर चढेल.

"कशाला एवढा खटाटोप?" वर्गातल्या रानडुकराने तिला समजावलं. "फाटकाबाहेर वानराच्या दुकानात तयार मॉडेलं मिळतात. मी अडथळा आला की आपोआप थांबणारी गाडी घेतली."

"चालते का?" सुलभाने विचारलं.

"थांबते," रानडुक्कर म्हणाला.

प्रोजेक्टला दुसऱ्या शाखेचा जोडीदार लागे. सुलभाच्या वाट्याला विद्युत शाखेचा वाघुळे आला. वाघुळे म्हणजे वटवाघूळ. तो वर्गात छताला लटकून बसे, त्यामुळे फळ्यावरची प्रत्येक आकृती त्याने उलटी पाहिलेली होती. त्याने पंपाच्या तारा जोडल्या तेव्हा पंप उलटा फिरला आणि नळीतलं होतं नव्हतं ते पाणी ओढ्यात जाऊन पडलं. सुलभाने तारा बदलल्या. त्या दिवशी दोघांनी कामाची वाटणी करून टाकली. मॉडेल सुलभाच्या नावावर आणि तत्त्व वाघुळेच्या.

डायनॅमो तिने एका अस्वलाच्या हातापाया पडून मिळवला होता. त्याच्या मोडक्या सायकलीचा होता. तसा दुसरा सगळ्या जंगलात नव्हता. चाक तिने स्वतः कोरलं. ते तीनदा मोडलं. चौथं मोडेना तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

आणि एक दिवस नळीच्या वरच्या तोंडातून पाणी आलं. सुलभा ओल्या अंगाने धावत प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांकडे गेली.

हे मार्गदर्शक म्हणजे घोरपडे सर. मूळची साधी घोरपडच, पण एकदा खुर्चीला चिकटल्यापासून सगळे तिला घोरपडे सर म्हणू लागले होते.

"सर, पंप चालला," सुलभा धापा टाकत म्हणाली.

"कुठे?" सर म्हणाले.

"नाही सर, चालला म्हणजे... चालू झाला. पाणी वर येतंय."

घोरपडे सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं होतं चालवायला?"

"सर, प्रोजेक्ट आहे ना."

"अगं, बाहेरून मोठे लोक येतात. त्यांना सवय नसते. बरं, झालं ते झालं. एक लक्षात ठेव. पास झालेलं मॉडेल कॉलेजच्या संग्रहात जमा होतं. नापास झालेलं ज्याचं त्याने उचलून न्यायचं."

सुलभा गडबडली. "पण सर, मला हे घरी लावायचंय. आईला पाणी..."

"आईला प्रमाणपत्र दाखव. आनंद होईल."

संग्रह म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. सुलभाने खिडकीतून डोकावून पाहिलं. आजवर पास झालेली सगळी मॉडेलं तिथे एकावर एक पडली होती आणि त्यात उंदरांनी संसार थाटले होते. ती घाबरली. पण मग तिने स्वतःची समजूत घातली. परीक्षक शिकलेले असतात. मशीन चालताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तर तेच म्हणतील, बाई, हे घेऊन जा, याचं काम टेकडीवर आहे. लहान होती हो. तुमच्याएवढीच म्हणा ना.

परीक्षेच्या सकाळी आईने तिच्या हातावर दही ठेवलं.

"पदवी घेऊनच ये," आई म्हणाली. "पाण्याचं मी बघते. आजवर बघतेच आहे की."

परीक्षक होते धनेश सर, धनेश पक्षीच ते. चोच एवढी मोठी की प्रश्न विचारण्याआधीच विद्यार्थी खचावा. ते आले, त्यांचं स्वागत झालं, पोहे झाले, चहा झाला, मग आणखी पोहे झाले. मग परीक्षा सुरू झाली.

रानडुकराने बटण दाबलं. गाडी हलली नाही.

"अडथळा आला की थांबणारी ना?" धनेश सर म्हणाले. "थांबलीय की. छान."

बिचाऱ्याला मान खाली घालायचीही संधी मिळाली नाही. तो प्रथम श्रेणीत पास झाला.

बाकीच्यांचं रीतीप्रमाणे झालं. एकाचं काल चालत होतं, दुसरीचं परवापर्यंत चालत होतं, तिसऱ्याचं तर इथे आणताना वाटेत चालत होतं. धनेश सर प्रत्येकाला असू दे म्हणत होते. त्यांचा आवाज मायेने भरून आला होता. त्यांनाही आपलं शेवटचं वर्ष आठवत असणार.

मग सुलभाची पाळी आली. कॉलेजमागच्या ओढ्यात तिने चाक सोडलं. चाक फिरलं. पंप खडखडला. काठाच्या उंच कठड्यावर ठेवलेल्या बादलीत पाण्याची धार पडायला लागली.

धनेश सर थांबले. घोरपडे सर थांबले. मशीन बंद पडेल म्हणून सगळेच वाट बघत उभे राहिले. बादली भरली. पाणी वाहून धनेश सरांच्या पायांशी आलं. सरांनी एक पाय उचलला, मग दुसरा. मशीन काही थांबेना.

"हे काय चाललंय?" त्यांनी घोरपडे सरांना हळूच विचारलं.

"मशीन, सर," घोरपडे सर शरमेने म्हणाले.

"तत्त्व सांगा," धनेश सरांनी फर्मावलं.

वाघुळे कठड्याला उलटा लटकून तत्त्व म्हणायला लागला. त्याचा आवाज मुळात बारीक. त्यात पंपाची खडखड. कुणाला एक अक्षर कळेना.

"आधी ते बंद करा," धनेश सर ओरडले. "परीक्षा चालू आहे इथे."

सुलभाने चाक पाण्याबाहेर काढलं. सगळं शांत झालं. वाघुळेने तत्त्व म्हटलं. फार सुंदर म्हटलं. धनेश सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्याला पास केलं. मग ते सुलभाकडे वळले आणि मशीनकडे बघून म्हणाले, "बंद आहे."

"सर, तुम्हीच करायला सांगितलंत."

"मी कारण विचारलेलं नाही." पण त्यांना तिची दया आली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ बाळ, मशीन बंद असलं की विद्यार्थी काय म्हणतात? तेवढं म्हण. काल..."

घोरपडे सरांनी खोकून साथ दिली.

सुलभाच्या तोंडाशी शब्द आलेच होते. आणि गंमत बघा, ते शब्द खरे होते. मशीन काल खरंच चालत होतं. त्या कॉलेजात आजवर कुणी हे वाक्य खरं म्हटलं नव्हतं. ते म्हणायचा अवकाश, पदवी हातात. आईने तेच मागितलं होतं.

पण मग मशीन संग्रहात. तिथे डायनॅमोत उंदरांची पिल्लं होणार, आणि उद्या आई हंडा घेऊन खाली उतरणार. वर आली की भिंतीला टेकणार. सुलभाला आईचा इतका राग आला आणि इतकी दया आली की तिचे सगळे काटे उभे राहिले. मागचा रानडुक्कर दोन पावलं सरकला.

"काल चालत नव्हतं, सर," सुलभा म्हणाली.

"काय?"

"परवाही नव्हतं. कधीच चाललेलं नाही. आत्ता चाललं ते चुकून."

सुलभा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली होती. आणि ते तिला चांगलं जमलं.

धनेश सरांचा नाइलाज झाला. "नापास," ते दुःखाने म्हणाले. "आणि हे उचलून न्या इथून."

सुलभाने ते उचललं.

आई दारातच उभी होती. सगळ्या टेकडीला सांगून बसली होती ती, माझी लेक इंजिनिअर होणार म्हणून. "पास?" तिने विचारलं. सुलभाने नाही म्हणून मान हलवली. आई भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सुलभाने ओढ्यात चाक बसवलं. दारातली नळी गुरगुरली, थुंकली आणि हंड्यात धार पडायला लागली. आई बघत राहिली. मग तिने धारेखाली हात धरला.

"पदवी मिळाली असती तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. आईला नेमकं कशाचं रडू आलं, हे सुलभाने विचारलं नाही. तिलाही रडू आलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी. पण पाणी आलं की शेजारी येतातच. आधी सशीण आली, मग भेकर, मग अख्खी टेकडी आली. सुलभाने सगळ्यांना नळ्या टाकून दिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सशीण म्हणाली, धार बारीक आहे. भेकर म्हणालं, गढूळ येतं. पुढे चाकात फांदी अडकली तेव्हा सगळे मिळून तिच्या दारात आले आणि म्हणाले, यापेक्षा आमचे हंडे बरे होते. सुलभा कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि फांदी काढू लागली. अजून ती बहुतेक तिथेच असते.

वाघुळे त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला. तो छताला लटकून पंपाचं तत्त्व शिकवतो. दुपारी जेवण झालं की पंख पांघरून झोपतो. त्याच्या दारात कुणी कधी तक्रार घेऊन येत नाही.

तात्पर्य : बाळांनो, आपला प्रोजेक्ट कधीही चालू देऊ नये. न चाललेल्याचं एकदा तत्त्व सांगून भागतं. चाललेला मात्र जन्मभर आपल्यालाच चालवत बसावा लागतो.