दरबारची सागवानी जमीन तिसऱ्यांदा फुगली, ते समयीचे वर्तमान

श्रीवास्तुपुरुष प्रसन्न. जो सकळ घरांखाली पालथा निजून सर्वांचा भार पाठीवर वाहतो आणि चकार शब्द बोलत नाही, त्यास नमस्कार करून हे लिहिले असे. शके सोळाशे त्र्याण्णव, बुरशीनाम संवत्सरे, आश्विन मासी एका राज्यात (नाव लिहिण्याची आज्ञा नाही) दरबारची सागवानी जमीन तिसऱ्यांदा फुगली. ती जमीन पूर्वी शेणामातीची होती, मग वडील महाराजांनी तीवर चुनखडीचा कोबा घातला, आणि मग विद्यमान महाराज शेजारच्या राज्यात लग्नास गेले, तेथे पायाखाली लाकूड पाहिले आणि परत येताच बोलिले की, "आम्हांसही लाकूड पाहिजे." मग कोब्यावर सागवानी फळ्या जडविल्या आणि शोभा बहुत आली, आणि वर्ष सरते न सरते तो फळ्यांच्या कडा वर उचलल्या आणि पोटे खोल गेली आणि प्रधानजी मुजरा करता करता अडखळून थेट महाराजांच्या मांडीवर विराजमान जाहले.

इमारतखात्याचे कारभारी निळोपंत सत्तरीस आले होते. त्यांचे मागणे एकच की, रजा मिळावी. गावी धाकटी बहीण एकटी होती, तिजपाशी जाऊन राहावे आणि ओसरीवर बसून ऊन खावे. महाराज म्हणाले, "जमीन सरळ करून द्या आणि खुशाल जा." मग पंतांनी फळ्या बदलल्या, आणि त्या फुगल्या, आणि पुन्हा बदलल्या, आणि ये रे माझ्या मागल्या. बहिणीचा निरोप येई की, "दादा, यंदा तरी येतोस ना?" आणि पंत सांगून पाठवीत की, "लाकूड वाळले की निघतो." दरबारी मंडळींनी कारणे शोधिली. कोणी कारंजे बुजविले, कोणी कौले चाळली, कोणी हौद फोडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिसरे खेपेस पंत कधी नव्हे ते हट्टास पेटले आणि म्हणाले, कोबा वाळल्यावाचून एक फळी बसविणार नाही. मग सर्व लाकूड उपटून काढिले आणि दारे उघडी टाकिली आणि शेगड्या पेटविल्या आणि दरबार घोड्यांच्या पागेत भरू लागला. पंत कोब्यावर मेणकापड पसरीत आणि कडा मेणाने बंद करीत आणि दुसरे दिवशी उचलून पाहात, तो कापडाच्या पोटाशी दंव. रोज पाहात आणि रोज दंव. शेवटी कंबर धरून तेथेच भिंतीशी टेकले, तो डोळा लागला.

पहाटे पायास गार लागले म्हणून जागे जाहले. पाहतात तो मैनाई सडेकरीण घागर रिती करीत उभी.

"पाय वर घ्या, पंत," ती म्हणाली.

"मैनाई, हे काय करतेस?"

"सडा घालते. रोजच घालते."

"लाकडावर घालत होतीस?"

"माझ्या आजेसासूनं मातीवर घातला, सासूनं कोब्यावर घातला, मी लाकडावर घातला. वतन सड्याचं आहे. खाली काय आहे ते मला कुणी विचारलं?"

"अगं, एक दिवस तरी थांबायचंस!"

"थांबले तर वतनाचं शेत जाईल. गुडघे तर केव्हाच गेले, निदान शेत तरी राहू द्या."

तिला कोणी पाहिले नव्हते ऐसे नाही. परंतु ज्यांणी पाहिले त्यांस ती उजाडण्याचाच एक भाग वाटली. पंतांस राग आला नाही, रागासही अंगात बळ लागते. ते घागरीशेजारी बसून लहान पोरासारखे रडले, कारण रोग सापडला होता आणि आता घरी जाता येणार होते.

मग पंतांनी हुजूर जाऊन विनंती केली की, सडा अंगणात घालावा आणि बाईंचे शेत चालू ठेवावे, म्हणजे जमीनही वाचेल आणि बाईही. यावर थोर मसलत जाहली. भटजी म्हणाले, सनदेत 'दरबारी' ऐसा शब्द आहे, अंगण नाही. प्रधानजी म्हणाले, आज सडा अंगणात नेतील, उद्या दरबारच अंगणात भरवा म्हणतील. मग महाराजांनी बहुत विचार करून निवाडा केला. "पूर्वजांनी चंद्रसूर्य असेतो दिले, ते आम्ही मोडीत नाही, सबब सडा चालेल. शेजारी हसतील, सबब लाकूडही राहील. आणि निळोपंतांनी श्रम बहुत केले, त्यांची उपेक्षा होऊ नये, सबब दरसाल जमीन दुरुस्त करण्याचे वतन त्यांस वंशपरंपरेने दिले असे." नगारा वाजला आणि शाल अंगावर पडली. पंत मुजऱ्यास वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. लोक म्हणाले, केवढी निष्ठा! त्यांची कंबर धरली होती.

दुसरे दिवशी पहाटे पंत दरबारात गेले. मैनाईस घागर उचलवेना, म्हणून त्यांणी हात लाविला आणि दोघांनी मिळून सडा घातला.

येणेप्रमाणे सनद राखिली, लाकूड राखिले, वतने दोन जाहली आणि राज्यात कोणावर अन्याय जाहला नाही. बहिणीस निरोप गेला की, लाकूड वाळले की निघतो.