'अधांतर'च्या व्हिडिओवरील मते: सद्यःस्थिती

रविवारी सकाळी 'अधांतर' या बँडने आपल्या पहिल्या मोठ्या मैफलीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. व्हिडिओ पाऊण तासाचा होता. त्यातलं पहिलंच गाणं असं बांधलेलं होतं की बराच वेळ नुसती वाद्यं बोलत राहतात आणि शब्द फार उशिरा येतो. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये ही रीतच आहे; श्रोत्याने धीर धरून बसावं अशी त्यात अपेक्षा असते. पहिलं मत मात्र गाण्यातल्या पहिल्या शब्दाच्या पुष्कळ आधी येऊन पोचलं. 'जुना ड्रमर परत आणा,' असं ते मत होतं. त्याला भराभर अनुमोदन मिळालं. बँडला आजवर एकच ड्रमर लाभला होता आणि व्हिडिओत तोच वाजवत होता, ही बाब कोणाच्याही निदर्शनास आली नाही.

दुपारपर्यंत मतांचा ढीग साचला. कोणी लिहिलं, पूर्वीची मजा राहिली नाही. कोणी लिहिलं, गिटारवाल्याची बोटं बरोबर पडतात पण त्यात आत्मा नाही. एका जाणकाराने प्रेक्षकांतल्या हिरव्या स्वेटरवाल्या गृहस्थांच्या हसण्यावर सविस्तर टीका केली आणि त्यावरून दोन गट पडून हातघाईची वेळ आली. गाण्याचा विषय कुठे निघालाच, तर लोक त्याला पटकन मूळ मुद्द्यावर आणत.

ही बेशिस्त विनय सबनीस यांना सहन होणं शक्य नव्हतं. सबनीससाहेब एका केंद्रीय मंत्रालयात अवर सचिव होते आणि मयूर विहारमधल्या आपल्या फ्लॅटातून 'प्रोग्रेसिव्ह रॉक रसिक मंडळ, पूर्व दिल्ली व परिसर' ही संस्था चालवत होते. 'अधांतर'चे बहुतेक चाहते या मंडळाचेच सभासद होते. शिवाय बँडमध्ये गाणारी आणि कीबोर्ड वाजवणारी मयुरा ही सबनीसांची सख्खी भाची. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली, गुडगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जाणारी आणि मामाकडेच राहणारी.

सोमवारी सकाळी मयुराने नाश्त्याच्या टेबलावर विषय काढला. कंपनीने तिला हैदराबादला बदली देऊ केली होती आणि महिनाअखेर हो की नाही ते सांगायचं होतं. गुडगावच्या हिवाळी महोत्सवाचे आयोजक मानस याने तिला सांगून ठेवलं होतं, की तुमचे चाहते काय म्हणतात ते बघतो, मग स्टेज देतो. स्टेज मिळालं तर ती बदली नाकारणार होती. नाही मिळालं तर हैदराबाद. आणि मयुराच गेली की बँड उरत नव्हता.

"मामा, तुम्ही ऐकलात का व्हिडिओ?"

सबनीसांनी चमचा खाली ठेवला. "मयुरा, मी मंडळाचा अध्यक्ष आहे आणि तुझा मामा आहे. मी ऐकणं योग्य दिसणार नाही. उद्या कोणी म्हणेल, घरचंच प्रकरण म्हणून साहेबांनी कान दिला."

"पण मग मत कसं देणार?"

"मी मत देणार नाही. मी मतांना वळण लावणार."

"मामा, यार, फक्त पहिलं गाणं ऐका. प्लीज."

"भावना समजतो मी तुझी. बिल्कुल समजतो. पण प्रोसीजर नावाची काही चीज असते."

साधनामामी उपम्यावर खोबरं भुरभुरत होत्या. त्यांनी मागे वळूनही न बघता विचारलं, "अहो, आमच्या महाराष्ट्र समाजाच्या मंडळात कीर्तनाला बुवा येतात, तेव्हा मी आधी ऐकते आणि मग घरी येऊन बोलते. तुमच्याकडे उलटं असतं का?"

"ते कीर्तन आहे, साधना. तिथे ऐकण्याखेरीज काही काम नसतं."

"तेच म्हणते मी," मामी म्हणाल्या. "केवढं मोठं काम!"

त्याच आठवड्यात मंडळाची तातडीची सभा सबनीसांच्या बैठकीच्या खोलीत भरली. पहिला प्रश्न अर्थातच पात्रतेचा होता: चाहता कोणाला म्हणावं? सिद्धांत या ज्येष्ठ सभासदाने खुलासा केला की, बँड नोएडाच्या एका तळघरात तालीम करायचा तेव्हापासून तो चाहता आहे. नोएडात सॉफ्टवेअरचं काम करणारा हा पुणेकर कानाला हेडफोन लावूनच सभेला बसत असे. हेडफोन उत्तम होते आणि बंद होते. त्याच्यावर विलास नावाच्या सभासदाने कडी केली. बँडची स्थापना व्हायच्या आधीपासून आपल्याला तो आवडत होता आणि स्थापनेनंतर त्यांची घसरण झाली, असं त्याने सांगितलं. सरकारी शिरस्त्याप्रमाणे ज्येष्ठता यादी तयार झाली आणि विलास पहिला आला. कनिष्ठाचं मत ज्येष्ठाच्या मताविरुद्ध गेल्यास ते गैरवर्तन समजण्यात येईल, असंही ठरलं.

मग वृंदाने हात वर केला. ही सर्वांत नवी सभासद, कॉलेजात शिकवणारी. ती म्हणाली, "मी पूर्ण व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मला रडू आलं."



"हे मत आहे की तब्येतीची तक्रार?" सबनीसांनी अत्यंत सौजन्याने विचारलं.

"माहीत नाही. सांगावंसं वाटलं, इतकंच."

सिद्धांतने हेडफोनची एक बाजू वर उचलली. "सर, इथेच तर प्रॉब्लेम आहे. व्हिडिओ बघितलेला माणूस व्हिडिओच्या प्रभावाखाली येतो. मग तो निष्पक्ष कसा राहणार? मी स्वतः जाणूनबुजून सुरुवातीचा थोडासाच बघितला."

"मी तेवढाही नाही," विलास म्हणाला. त्याची ज्येष्ठता पुन्हा एकदा सिद्ध झाली.

मुद्दा बिनतोड होता. ज्यांनी व्हिडिओ पाहिला आहे त्यांची मतं 'प्रभावित' आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांची 'निष्पक्ष' समजावीत, असा ठराव झाला. वृंदाचं रडणं प्रभावित या सदरात जमा करण्यात आलं. निष्पक्ष मतं भरघोस निघाली, पण ती एकमेकांशी मुळीच जुळेनात. विलासच्या मते बँड फार गुंतागुंतीचं वाजवतो आणि सिद्धांतच्या मते तो बाजारासाठी सोपा झाला आहे. दोघांचाही ऐकण्याशी संबंध नसल्यामुळे कोणालाच खोडून काढता येत नव्हतं.

तेवढ्यात मानसचा फोन आला. तो हिंदीत म्हणाला, "सर, एक लाइन भेज दीजिए बस. अच्छा है या नहीं?"

"एक लाइन में कैसे होगा, भाईसाहब? विषय विचाराधीन है," सबनीसांनी हिंदीतच ठणकावलं आणि फोन ठेवल्यावर जाहीर सुनावणीची घोषणा केली. लोकांसमोर व्हिडिओ दाखवायचा आणि मतं जागेवरच नोंदवून घ्यायची.

साधनामामी ज्या महाराष्ट्र समाजाच्या मंडळात जात, त्याचं सभागृह शनिवारी संध्याकाळी मिळत होतं, पण कीर्तन संपल्यानंतर. सबनीसांनी ते घेतलं. झालं एवढंच, की कीर्तनाची मंडळी उठलीच नाहीत. प्रसादाचा शिरा अजून यायचा होता, आणि समोर पडदा लागतोय म्हटल्यावर पुढचाही भाग आपल्यासाठीच असणार अशी त्यांची समजूत झाली. आरतीनंतरची ती माणसं, कपाळाला बुक्का, मांडी घातलेली, तशीच बसून राहिली.

चाहते मात्र आत शिरू शकले नाहीत. सभागृहात आवाज भिंतीवर आपटून परत येतो की नाही यावर सिद्धांत आणि विलास यांची व्हरांड्यात जुंपली होती, आणि बाकीचे सभासद त्या दोघांचा व्हिडिओ काढत होते. मामाही व्हरांड्यातच राहिले, कारण आत गेलं तर कानावर पडलं असतं. वृंदा तेवढी आत जाऊन सतरंजीच्या कडेला बसली.

पडद्यावर ते लांबलचक वादन सुरू झालं. सात मात्रांचा ताल, त्यात मधेच गिटार दुसऱ्याच वाटेने निघून जाणारी. पहिल्या रांगेतल्या कुसुमावतीकाकू रोज टाळ धरणाऱ्या. त्यांचा हात सवयीने मांडीवर पडायला लागला आणि चुकला. पुन्हा पडला, पुन्हा चुकला. काकू पडद्याकडे बघून स्वतःशीच हसल्या. गिटार हिंडूनफिरून परत आली तेव्हा काकूंचा हात नेमका तिच्याबरोबर समेवर पडला, आणि आजूबाजूचे चार हातही. मग मयुराचा पहिला शब्द आला. मागच्या रांगेतून कोणीतरी हलकेच "आहाहा" म्हणालं. शिऱ्याचं पातेलं दारात येऊन थांबलं होतं, पण वाढायला कोणी पुढे झालं नाही.

व्हिडिओ संपल्यावर सगळे उठले. मयुरा भिंतीशी उभी होती. कुसुमावतीकाकूंनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली. "काय गं पोरी, केवढा वेळ बसवून ठेवलंस दारात!" काकू म्हणाल्या. "आणि दार उघडलंस तर आत किती उजेड." मयुराने वाकून नमस्कार केला. काकूंनी आशीर्वादाच्या आधी तिच्या हातावर शिरा ठेवला.

व्हरांड्यात सबनीस मतं नोंदवायला सज्ज होते. "काकू, आपलं मत?"

"कशाबद्दल?"

"व्हिडिओबद्दल."

"ऐकलं की मी!" काकू म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

बाकीच्यांचंही तेच. कोणी डोळे पुसत होतं, कोणी ताल मोडू नये म्हणून न बोलताच जिना उतरत होतं. मत म्हणून कोणीही काही दिलं नाही. सबनीसांनी मानसला निष्कर्ष लिहून पाठवला: श्रोते पुष्कळ, मते शून्य. निष्पक्ष मते परस्परविरोधी असल्याने आणि सुनावणीस जनतेचा प्रतिसाद न मिळाल्याने शिफारस करणे तूर्त शक्य नाही. मानसला हे वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दुसऱ्या एका बँडच्या चाहत्यांनी त्याला 'भाई, कडक!' एवढंच पाठवलं. त्या बँडला स्टेज मिळालं.

मयुराने हैदराबादला होकार कळवला. निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि मामी तिच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबत होत्या.

"मामा, आता तरी ऐकाल ना? आता काय अडचण आहे?"

"आता?" मामांना खरंच आश्चर्य वाटलं. "आता तर प्रकरण बंद झालं, बाळा."

"तिला जाताना एक चांगला शब्द बोला," मामी म्हणाल्या.

"बोलतो की. मयुरा, तुझ्या प्रकरणात कुठेही पक्षपात झाला नाही, याचा मला अभिमान आहे."

मयुरा हसली. टॅक्सीत बसेपर्यंत ते हसू तिने धरून ठेवलं होतं, असं मामींचं म्हणणं आहे.

'अधांतर' बंद झाल्याची बातमी पसरली आणि मंडळात प्रथमच एकमत झालं. असा बँड पुन्हा होणे नाही, असं सिद्धांतने लिहिलं. संपल्यावरच त्यांचा खरा काळ सुरू झाला, असं विलासने लिहिलं. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनी तो सर्वांत जास्त लोकांना पाठवला. मंडळाने आदरांजलीची सभा घेतली. तिथे सबनीससाहेबांना बोलता बोलता भरून आलं, आणि वृंदाने "आपण तो एकदा सगळे मिळून ऐकूया का?" असं विचारताच, वेळेअभावी तो विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला.

आता तुमचं. इथवर वाचताना मयुरा फार सुंदर गायली होती, तिच्यावर अन्याय झाला, असं तुमचं मत पक्कं झालेलं आहे. तुम्ही तिचा एक सूर ऐकलेला नाही. मंडळात सध्या जागा रिकाम्या आहेत. तुमची ज्येष्ठता विलासच्या लगेच खाली लागेल.